गाडीचीं पाउलें

शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे शील, परिश्रम किंवा वेळेचा सदुपयोग अशा एखाद्या विषयावर लिहावें, असा प्रघात आहे. आणि तो वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. तथापि यंदा माझ्याकडे एक असें काम सोंपविण्यांत आलें, कीं तें दिसण्यांत अगदीं साधें असूनही फार जबाबदारीचें निघालें. तें काम म्हणजे शाळेच्या गाडीसाठीं टायर निवडणें.

आमची गाडी चारही चाकांस इंजिनाचा जोर पोंचविणारी आहे. सुटी संपली कीं तीच जिवतीच्या पहाडावरील गुड्यांतून व तांड्यांतून मुलांस वसतिगृहांत आणते. धान्य, पुस्तकें, औषधें तीच वाहते. आणि अडल्या रात्रीं रुग्णास दवाखान्यांतही तीच नेते. तिचे टायर झिजले, म्हणून नवे घ्यावयाचे ठरलें. दुकानांत जावें, स्टेपनीसह पांच टायर घ्यावे आणि यावें. यांत विचार तो कसला, असें प्रथम पुष्कळांस वाटलें. परंतु या पांच टायरांच्या निवडीचा परिणाम असा झाला आहे, कीं पहाडावरील कांहीं गुड्यांपर्यंत भर पावसांत आमची गाडी येणार नाहीं. ज्यांच्या दारापर्यंत ती येणार नाहीं, त्या पालकांस त्याचें कारण कळणें हा त्यांचा हक्क आहे. म्हणून हा लेख.

ज्यांनीं जिवतीचा पहाड पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम त्या प्रदेशाविषयीं थोडें सांगतों. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस माणिकगडाच्या डोंगरांवर हा तालुका पसरलेला आहे. पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. राजुऱ्याकडील हा सारा मुलूख पूर्वीं हैदराबाद राज्यांत मोडत असे. १९५६ मध्यें राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां तो इकडे आला. गोंड व कोलाम हे येथील मूळचे रहिवासी. त्यांच्या शेजारीं बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठवाड्यांतून येऊन वसलेलीं शेतकरी कुटुंबें. पायथ्याशीं गडचांदुराकडे चुनखडीचा दगड आहे, म्हणून तेथें सिमेंटचे कारखाने उभे राहिले. वर पहाडावर काळी माती आहे, म्हणून तेथें कापूस पिकतो. माणसांस हा एकच मुलूख वाटतो. चाकांस मात्र येथें तीन निरनिराळे मुलूख ओलांडावे लागतात.

खालून वर जातांना प्रथम डांबरी रस्ता व घाटाचीं वळणें लागतात. वर गेल्यावर डांबर सोडून आडवाटेस लागलें, कीं मुरूम आणि उखडलेली खडी येते; तिच्यांतून धारदार दगड डोकें वर काढून असतात. पुष्कळ वस्त्यांपर्यंत आतां पक्का रस्ता पोंचला आहे. पण जेथें तो पोंचला नाहीं, तेथें शेवटचा कोस-अर्धा कोस शेतांमधून जाणारी काळ्या मातीची पांदण असते. उन्हाळ्यांत ही पांदण दगडासारखी कडक व भेगाळलेली असते. आणि एक जोराची सर आली, कीं तीच लोण्यासारखी निसरडी व डिंकासारखी चिकट होते. या तिन्ही वाटांवर एकाच गाडीनें, एकाच टायरांवर, एकाच दिवशीं जावयाचें असतें. प्रश्न काय तो हाच.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या बंडीचें चाक पाहा. मध्यें तुंबा, तुंब्यांत रोवलेले आरे, आऱ्यांवर बसविलेला लांकडी घेर, आणि त्या घेरावर लोखंडाची पट्टी. या पट्टीस आपण धांव म्हणतों. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करितो आणि गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवितो. तापल्यानें ती पसरते. तेव्हां ती चाकावर चढवून वरून पाणी ओततात. निवतांना ती आंखडते आणि सारें चाक आवळून धरते. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हा विज्ञानाचा पाठ आमच्या लोहारांनीं शाळेंत न जातां असा रोजच्या कामांत उतरविला आहे. इंग्रजींत टायर हा शब्दही मूळ याच लोखंडी पट्टीस उद्देशून होता. म्हणजे टायर ही वस्तु आपणांस नवी नाहीं. नवे आहेत ते तिच्यांतील रबर आणि हवा.

रबराची हकीकतही मनोरंजक आहे. नुसतें रबर थंडींत कडक व उन्हांत चिकट होत असे, त्यामुळें त्याचा फारसा उपयोग नव्हता. १८३९ मध्यें चार्लस गुडइअर या अमेरिकन संशोधकास असें आढळलें, कीं गंधकाबरोबर तापविलेलें रबर टिकाऊ व लवचिक होतें. पुढें १८४५ मध्यें रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें; पण ती कल्पना लोकांच्या विस्मरणांत गेली. १८८८ मध्यें बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधून काढली, आणि मग ती जगभर पसरली. दरम्यान १८७६ मध्यें हेन्री विकहॅम यांनीं ब्राझीलमधून रबराच्या झाडांच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानांत आणिल्या होत्या, आणि तेथील रोपें आशिया खंडांत आलीं. १९०२ मध्यें केरळांत पेरियार नदीच्या कांठीं तट्टेकाड येथें रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. आपल्या बंडीच्या धांवेस लोहाराचें जाळ लागे. मोटारीच्या धांवेस केरळांतील झाडाचा चीक, गंधक, काजळी आणि पोलादी तारा, इतकें सारें लागतें.

आतां थोडें गणित करूं. भरलेल्या गाडीचें वजन १८०० किलो धरा. तें चार चाकांत सारखें वांटलें, तर प्रत्येक चाकावर ४५० किलो येतें. टायरांत ३२ पौंड हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें सव्वादोन किलो होतो. ४५० ला सव्वादोननें भागलें, कीं उत्तर येतें २०० चौरस सेंटिमीटर. टायरची बगल स्वतःही कांहीं भार उचलते, म्हणून प्रत्यक्षांत आंकडा थोडा निराळा येईल. पण अजमास हाच. आपला पंजा कागदावर ठेवून भोंवतीं पेन्सिल फिरवा. जवळजवळ तेवढीच ही जागा भरेल. म्हणजे एवढी मोठी गाडी आणि तिच्या आंत बसलेलीं तुम्ही मुलें, हें सारें ओझें चार पंजांवर जमिनीस टेकलेलें असतें. गाडीचीं पाउलें म्हणतां येतील तीं हींच.

चारही चाकांस जोर मिळाला, कीं गाडी कोठेंही जाते आणि कशासही भीत नाहीं, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चारही चाकें ओढूं लागलीं म्हणजे गाडी निसरड्या जागेवरून निघते, चढ चढते. यांत शंका नाहीं. पण थांबण्याच्या कामीं त्या जोराचा उपयोग नाहीं, कारण ब्रेक तर साध्या मोटारीसही चारही चाकांस असतात. थांबतांना आणि वळतांना उपयोगी पडतात ते केवळ हे चार पंजे. म्हणून अशा गाडीचा टायर निवडतांना, ती कशी निघेल याच्याइतकाच ती कशी थांबेल याचाही विचार करावा लागतो.

बाजारांत या गाड्यांचे टायर मुख्यतः तीन जातींचे मिळतात. पहिला डांबरी रस्त्याचा. दुकानदार त्यास एच. टी. म्हणतात. त्याची नक्षी बारीक, खांचा अरुंद, रबर रस्त्यास भरपूर टेकलेलें. चालण्यांत तो शांत असतो आणि ओल्या डांबरावर चांगला धरतो. पण बगल पातळ असल्यामुळें धारदार दगडानें ती चिरण्याचें भय असतें. दुसरा चिखलाचा, म्हणजे एम. टी. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या खांचा रुंद व खोल. चिखलांत तो ठोकळे रोवून पुढें सरकतो, आणि फिरतां फिरतां खांचांतला चिखल बाहेर फेंकतो. त्याची बगलही जाड असते. पण डांबरावर त्याचें रबर कमीच टेकतें, ठोकळे ब्रेक लागतांच वांकतात, ओल्या रस्त्यावर थांबावयास अधिक अंतर लागतें; शिवाय आवाज मोठा आणि इंधन जास्त. तिसरा या दोहोंच्या मधला, ए. टी. ठोकळे मध्यम, त्यांवर बारीक कापे, बगल बरीच मजबूत. तो कोणत्याही एका वाटेवर पहिला येत नाहीं. पण कोणत्याही वाटेवर अगदीं नापासही होत नाहीं.

वरच्या वर्गांतील मुलांचें मत एकमुखानें चिखलाच्या टायरास पडलें. त्यांत नवल नाहीं; तो टायर दिसावयास मर्दानी, आणि तो लावलेली गाडी उभी असली तरी शिकारीस निघाल्यासारखी वाटते. मीं नववीच्या मुलांस एक काम दिलें. गाडीच्या नोंदवहींतून गेल्या वर्षाची प्रत्येक फेरी पाहावी, आणि तिचें अंतर तीन रकान्यांत मांडावें : डांबर, मुरूम-खडी आणि काळा चिखल. काम पूर्ण झालें तेव्हां पहिला रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. दुसरा बराच भरला होता. आणि तिसऱ्यांत मोजक्याच ओळी होत्या, त्याही सगळ्या पावसाळ्यांतल्या. मला वाटलें, प्रश्न सुटला. पण एका मुलानें हात वर केला आणि विचारिलें, "सर, ओळी थोड्या असल्या तरी गाडी अडते ती तेथेंच ना?"

शंका खरी होती, आणि तिच्याबद्दल त्या मुलास मीं शाबासकी दिली. नुसते किलोमीटर मोजून वाटेचें मोल ठरत नाहीं. कोणत्या वाटेवर टायर कमी पडला तर आपण काय गमावूं, हें पाहावें लागतें.

या शंकेचें उत्तर मजपाशीं होतें, तें गेल्या श्रावणांतील एका रात्रीचें. वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याच्या थोरल्या बहिणीस प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, असा रात्रीं नऊच्या सुमारास तिच्या घरून फोन आला. पाऊस सारखा कोसळत होता. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णास घेऊन गेलेली होती. आमचे चालक आणि मी असे दोघे निघालों. पांदणीच्या तोंडाशीं चालकांनीं गाडी उभी केली. पुढें जाण्याचा यत्न त्यांनीं केलाच नाहीं. गुड्यांतून तिचे आजोबा तिला बंडींत घालून घेऊन आले. अर्ध्या कोसाच्या त्या पांदणीस बैलांना पाऊण तास लागला. पण बंडीचें उंच चाक आणि अरुंद धांव वरचा चिखल कापून खालच्या कठीण थरावर टेकत होती, आणि बंडी कोठें अडली नाहीं. तेथून पुढें आमचें काम. घाटांत डांबरावरून पाणी वाहत होतें. एका वळणापलीकडे एक मालट्रक बंद पडून रस्त्यांत उभा होता, आणि त्याचे दिवेही लागलेले नव्हते. चालकांनीं ब्रेक दाबला. आमचे टायर झिजलेले होते, पण डांबरी रस्त्याचे होते. गाडी थोडी सरकली, आणि ट्रकापासून चार हातांवर थांबली. कोणी कांहीं बोललें नाहीं. पहांटे दवाखान्यांत मुलगी जन्मास आली, आणि बाळ-बाळंतीण दोघेंही सुखरूप राहिलीं. परत येतांना चालक मला म्हणाले, "गुरुजी, पुढच्या पावसाळ्याच्या आधीं टायर बदलायलाच पाहिजेत." तेथूनच या सर्व खटाटोपाचा आरंभ झाला.

पुढें वर्गांत ही चर्चा चालू असतां तेच आजोबा नातवास भेटावयास आले. मुलांनीं त्यांस आपल्या बाजूचें समजून विचारिलें, "आजोबा, चिखल तुडवून तुमच्या दारांत येईल असाच टायर घ्यावा ना?" म्हातारा हंसला आणि म्हणाला, "चढाचं कायले पायता रे पोरहो? उतराचं पाहा ना."

या एका वाक्यांत सारा निर्णय आला. चिखलांत अडलेली गाडी जागच्या जागीं उभी राहते. वेळ जातो, कपडे भरतात, बैल किंवा ट्रॅक्टर आणावा लागतो. ओल्या घाटांत घसरलेल्या गाडीस परत बोलावतां येत नाहीं. म्हणून चिखलाचा टायर आम्हीं घेतला नाहीं. मग रस्त्याचाच कां घेतला नाहीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर दुसऱ्या रकान्यांत आहे. मुरूम-खडीच्या वाटेवर बगल चिरली, तर ती पंक्चरासारखी जोडतां येत नाहीं. आणि स्टेपनी एकच असते. रात्रीं पहाडावर दुसरी बगल चिरली, तर मुलांनीं भरलेली गाडी तेथेंच राहील. यास्तव आम्हीं मधला, म्हणजे ए. टी. टायर घेतला. ओल्या डांबरावर तो रस्त्याच्या टायराइतका धरत नाहीं, हें मी लपवीत नाहीं. म्हणून घाटांत वेग पूर्वींपेक्षां कमी ठेवावा, असें ठरविलें आहे.

काळ्या मातीविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण पुष्कळांचा आग्रह तिच्याच बाबतींत होता. या मातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. पाणी मिळतांच ती फुगते आणि चिकटते. तुम्ही अनवाणी पायांनीं शेतांत गेलां, कीं चार पाउलांत पायास मातीचे जोडे चढतात; टायरचेंही तसेंच होतें. मोठ्या ठोकळ्यांचा टायर लहान ठोकळ्यांच्या टायरापेक्षां कांहीं अंतर पुढें जाईल, हें खरें. पण जोराच्या पावसानंतर त्याच्याही खांचा भरतात, आणि खांचा भरलेला टायर गोटा झालेल्या टायरासारखाच असतो. तेव्हां चाकें गरगर फिरवावीं तर तीं खड्डा खणतात. त्यांतूनही गाडी रेटली, तर पांदणींत हातभर खोल चाकोऱ्या पडतात. त्या वाळल्या कीं शेतकऱ्याच्या बंडीस आणि बैलांस वर्षभर त्रास होतो. एका दिवशीं आपण दारांत पोंचावें आणि त्याचा दंड शेजाऱ्याच्या बैलांनीं भरावा, हें मला योग्य वाटत नाहीं.

रेतीची गोष्ट निराळी. नदीच्या कोरड्या पात्रांतून जावयाचें असेल, तर हवा कमी करावी. मघांचेंच गणित पुन्हा करा : ३२ पौंडांच्या जागीं १८ पौंड हवा ठेविली, तर २०० च्या ऐवजीं सुमारें ३५५ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीस टेकतें, पंजा पसरतो आणि चाक रुतत नाहीं. मात्र डांबरावर येण्यापूर्वीं हवा पुन्हा भरलीच पाहिजे. म्हणून दाबमापक व पंप गाडींत नसतील, तर हवा काढण्याच्या भानगडींत पडूं नये.

टायरच्या बगलेवर जें लिहिलेलें असतें, तें वाचावयास शिकणें प्रत्येकास शक्य आहे. उदाहरणार्थ, २३५/७५ आर १५, १०५ एस. यांत २३५ ही रुंदी, मिलिमीटरांत. ७५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, म्हणजे सुमारें १७६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल. आंतील दोरे मध्यापासून आडवे बसविण्याची ही पद्धति १९४६ मध्यें फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें पुढें आणिली. १५ हा रिमचा व्यास, इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन बगला आणि रिम मिळून चाकाची उंची ७३३ मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरते. १०५ हा भाराचा क्रमांक. तो एका टायरास ९२५ किलोपर्यंत परवानगी देतो. एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटरांपर्यंतचा वेग, जो आम्हांस कधींच लागणार नाहीं. आतां कोणी हौसेनें ७६२ मिलिमीटर उंचीचा टायर बसविला, तर वेगमापकाचा कांटा ६० दाखवील तेव्हां गाडी ६२ च्या वर धांवत असेल. ब्रेकावर आणि इंजिनावर भार वाढेल तो वेगळाच. गाडीच्या निर्मात्यानें जें माप सांगितलें आहे, त्याचाच टायर आम्हीं घेतला.

चारही चाकांस जोर देणाऱ्या गाडीस आणखी एक पथ्य आहे. तिचे चारही टायर एका मापाचे, एका नक्षीचे आणि शक्यतों सारखेच झिजलेले असावे. पुढचीं व मागचीं चाकें जोडून फिरत असतां एकाचा घेर लहान व दुसऱ्याचा मोठा झाला, तर तीं एकमेकांशीं भांडतात, आणि त्या भांडणांत आंतील दांत्यांची चाकें झिजतात. म्हणून स्टेपनीही त्याच जातीची घेतली, आणि ठराविक अंतरानें पांचही टायरांच्या जागा बदलावयाच्या, असा नियम केला. याच कारणानें कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावून ठेवूं नये. तो चिखलांत, रेतींत आणि निसरड्या चढावर लावावयाचा असतो.

टायर विकत घेतांना त्याच्या जन्माची तारीखही पाहावी. बगलेवर एका लहान चौकटींत चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असें असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर दुकानांत पडून राहिलें तरी म्हातारें होतें. आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा तर त्यास फारच लवकर म्हातारें करितो. पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि रस्ता हवेपेक्षांही अधिक तापतो. अशा दिवसांत कमी हवेचा टायर पुनः पुन्हा दबून आंतून तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळीं, टायर थंड असतां, पाहावी. तापलेल्या टायराची हवा वाढलेली दिसली म्हणून ती काढूं नये.

आणि शेवटीं अशी एक वाट येते, कीं जेथें कोणताही टायर उपयोगाचा नसतो. ती म्हणजे वाहतें पाणी. गडचिरोली जिल्ह्यांत भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावरून पूर वाहूं लागला आणि गांवाचा संपर्क तुटला, अशा बातम्या आपण अनेक पावसाळ्यांत वाचिल्या आहेत. टायर म्हणजे हवेनें भरलेली पिशवीच होय. खोल पाण्यांत ती गाडीस जमिनीवर दाबून धरण्याऐवजीं वर उचलते. दोन फूट वेगाचें पाणी मोठीही गाडी वाहून नेऊं शकतें. अशा वेळीं सर्वांत चांगला टायर तो, जो पुलाअलीकडे उभा आहे.

हें सर्व ध्यानांत घेऊन पुढीलप्रमाणें ठरलें आहे. जोराच्या पावसानंतर काळ्या पांदणींत गाडी घालावयाची नाहीं. पक्का रस्ता किंवा मुरूम जेथें संपतो तेथें ती थांबेल. निघण्यापूर्वीं पालकांस फोन करून वेळ कळविली जाईल. मोठीं मुलें तेथपर्यंत चालत येतील. रुग्ण असेल तर बंडी अथवा ट्रॅक्टर लागेल, आणि त्याची विनंति आम्ही आधींच करूं. लहान मुलांस व त्यांच्या सामानास आणण्यासाठीं गाडीबरोबरचे शिक्षक पांदणींतून पायीं गुड्यापर्यंत येतील. हा नियम मीं सुचविला आहे, आणि पहिल्या फेरीस मीच जाणार आहें. गाडीच्या पाउलांनीं जें साधत नाहीं, तें माणसाच्या पाउलांनीं करावें, यांत कमीपणा नाहीं.

तरी पहाडावरील पालकांनीं गाडी दारांत आली नाहीं म्हणून शाळेनें आपणांस दूर लोटलें, असें मनांत आणूं नये. तुमचें मूल घाटाच्या प्रत्येक वळणावर वेळेवर थांबणाऱ्या गाडींत बसलेलें असावें, यासाठींच ती दारापासून अर्धा कोस अलीकडे उभी राहते.

विद्यार्थ्यांस एकच काम सांगून लेख पुरा करितों. घरीं मोटारसायकल असेल, भाड्याची जीप येत असेल, वडिलांचा ट्रॅक्टर असेल. तिच्या टायराच्या खांचांत वांकून पाहा. मोटारीच्या टायराच्या खांचेच्या तळाशीं लहान उंचवटे दिसतील. वरचें रबर झिजून त्यांच्या बरोबरीस आलें, म्हणजे खांच केवळ १·६ मिलिमीटर उरली, आणि टायर बदलण्याची वेळ आली. तसें दिसलें तर घरच्या वडील माणसांस नम्रपणें सांगा. त्यांनीं हंसण्यावारी नेलें, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हा सांगा.